गाडी बंद पडली तरी दावा थांबू नये
(युवा शिबिरात एका कार्यकर्त्याने केलेले भाषण. बोलला तसेच उतरवून घेतले आहे.)

 

मला आज संघटनेच्या गाडीवर बोलायला सांगितलंय. काही जण हसले. पण मागच्या पावसाळ्यात त्या गाडीच्या एका तारेनं आपल्या अकरा घरांची जमीन जायची वेळ आणली होती. ते आधी ऐका.

अकरा दावे उपविभागीय समितीत नामंजूर झाले. वनहक्क कायद्यात सांगितलंय की त्या निर्णयाच्या तारखेपासून 60 दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करायचं. आपण काय केलं? आज राब, उद्या लावणी, परवा कोणाचं लगीन. ग्रामसभेचा ठराव, म्हाताऱ्यांचे जबाब, जुन्या दंडाच्या पावत्या जमवता जमवता 58 वा दिवस उजाडला. पाऊस धो धो. एस.टी. पाड्यापर्यंत येत नव्हती. मी आणि काका कागद प्लास्टिकात गुंडाळून गाडीवर निघालो. घाटात क्लचची तार तुटली. तुटली म्हणजे काय, दांड्यात अडकते ती टोकाची गुंडी निघून आली.

गाडी जुनी, टू-स्ट्रोक. तिचे पार्ट आता तालुक्यालाही मिळत नाहीत. काका म्हणाले, "चल, पायी." पायी गेलो असतो तर शेवटची एस.टी. चुकली असती. माझ्या पिशवीत वायरिंगचा एक कनेक्टर होता. त्याचं प्लास्टिक फोडलं की आत पितळेची बारीक नळी असते, तिला दोन स्क्रू असतात. तार त्या नळीत घातली, स्क्रू आवळले, झाली गुंडी. रात्री एस.टी. स्टँडवर झोपलो. 59 व्या दिवशी अर्ज दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली. ती नळी अजून गाडीला आहे.

आता कामाचं सांगतो. वहीत लिहून घ्या.

पहिलं, प्लग. टू-स्ट्रोक गाडीत तेल जास्त पडलं की प्लग काळा, ओला होतो आणि ठिणगी पडत नाही. प्लग काढा, तारेच्या ब्रशनं नाहीतर बारीक पॉलिश पेपरनं घासा, पेट्रोलनं धुवा, सुकवा. दोन टोकांमधली फट बघा. लोखंड कापायच्या करवतीचं पातं त्या फटीत जेमतेम जायला पाहिजे. तेल अंदाजानं ओतू नका. लिटरला किती ते एकदा ठरवा आणि औषधाच्या बाटलीच्या झाकणानं मोजा. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. मग जुगाड नाही, खर्चच.

दुसरं, तार. क्लचची तार वाटेत पूर्ण गेली तरी गाडी घरी येते. पहिला गिअर टाकून ढकलायची, चालू झाली की बसायचं. गिअर बदलताना रेस सोडायची. पण बाजारात, गर्दीत असं चालवायचं नाही. रेसची तार गेली तर सायकलच्या ब्रेकची तार बसते. महिन्यातून एकदा तारेत वरून तेलाचे थेंब सोडा. मी सोडले नव्हते, म्हणून घाटात थांबलो. चूक माझी होती.

तिसरं, पंक्चर. जुन्या ट्यूबचा तुकडा कापा, दोन्ही बाजू घासा, सोल्युशन लावा. लगेच चिकटवू नका. हाताला चिकट लागेल एवढं सुकू द्या, मग दाबा. काहीच नसेल तर टायरमध्ये पेंढा ठासून भरा आणि सावकाश, एकट्यानं या.

चौथं, पॅकिंग. कार्बोरेटरचं पॅकिंग फाटलं तर लग्नपत्रिकेचा जाड कागद त्या जागी ठेवून कडेनं हातोडीनं हलके ठोका. आकार आपोआप कापला जातो. थोडं ग्रीस लावून बसवा. इंजिनाच्या हेडला मात्र कागद चालत नाही, जळतो.

पाचवं, टाकी. बारीक भोक पडून पेट्रोल झिरपत असेल तर कपड्याच्या साबणाची वडी त्यावर घासा. गावापर्यंत येता येतं. पण विडी लांब ठेवा! आणि रिकामी टाकीसुद्धा वेल्डिंगला देऊ नका. पेट्रोल संपलं तरी आत वाफ असते, ती पेटते.

चेनचं लॉक बसवताना क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेवा. उलटं बसवलं तर निघून पडतं.

आता काय करायचं नाही ते. ब्रेकला जुगाड नाही. ब्रेकची तार तुटली तर गाडी ढकलत आणा. लाज नाही त्यात. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद घालायचा नाही, सगळी वायर जळते. मागं बाई-पोर बसवून आपण गाडी चालवतो, हे डोक्यात ठेवा.

दाव्याचंही तसंच आहे. त्याला जुगाड चालत नाही. नियमात किमान दोन प्रकारचे पुरावे सांगितलेत. एक म्हाताऱ्याचा जबाब आहे म्हणून दुसरा पुरावा सोडला, किंवा पोच न घेता कागद दिला, तर तो घाटातच राहिला म्हणा. आणि तारखेला धरून काम करा. गाडी 58 व्या दिवशी बंद पडली म्हणून आपण घाबरलो. 20 व्या दिवशी पडली असती तर पायी गेलो असतो. आपले आजे पायीच जायचे ना मोर्चाला?

माझं मागणं एवढंच. प्रत्येक पाड्यातून दोन जणांनी गाडीचं काम शिकावं, त्यात एक पोरगी पाहिजे. मी आजारी पडलो तर गाडी बंद राहायला नको. एका पिशवीत जुना प्लग, पाना, पक्कड, करवतीचं पातं, दोन कनेक्टर, ट्यूबचा तुकडा, सोल्युशन, सायकलची तार आणि साबण ठेवा. त्याच पिशवीत एक कागद ठेवा. त्यावर आपल्या पाड्यातल्या प्रत्येक दाव्याच्या निर्णयाची तारीख लिहा आणि पुढं 60 वा दिवस कधी येतो तेही लिहा.

जेवण झाल्यावर गाडी झाडाखाली उघडून ठेवतो. हात काळे करायची तयारी असेल त्यांनी या.

जिंदाबाद!