मारिओला मिशा कशासाठी?



काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झालं आणि आज मी व्हिडीओ गेमवर बोलायला उभा आहे. पहिल्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर जे उमटलंय, ते मला इथून स्वच्छ दिसतंय. (हशा)

माझी या विषयाशी ओळख नव्वदच्या सुमाराला, चाळीत झाली. टीव्हीला जोडायचा तो खोका एकाच बिऱ्हाडात होता. खेळ सुरू होईना की कॅसेट काढायची, तिच्यात जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. बहुतेक वेळा चालायचंही. पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकलो तेव्हा कळलं, तो गुण फुंकरीचा नव्हताच. काढून परत घातल्यामुळे आतले कॉन्टॅक्ट नीट टेकायचे, एवढंच. फुंकरीतल्या ओलीने ते उलट गंजायचे. असो. त्या कॅसेटमधला गडी म्हणजे मारिओ. डोक्यावर टोपी, अंगात डांगरी आणि या एवढ्याल्या मिशा.

तो जन्मला १९८१ साली, 'डाँकी काँग' या खेळात. क्योटोची निंतेंडो कंपनी मुळात पत्ते छापणारी, आणि तिथला शिगेरू मियामोतो हा चित्र काढणारा तरुण. त्याला माणूस काढायला मिळाले मूठभर ठिपके. आपल्याकडे रांगोळीला ठिपके कमी पडले की बाई मोराचा नाद सोडून कमळ काढते, तसंच त्याने केलं. तोंड काढायला जागा नाही, म्हणून नाकाखाली मिशा. उडी मारताना केस उडाले पाहिजेत, ते जमेना, म्हणून टोपी. हात हललेले दिसावेत म्हणून सदऱ्याचा रंग वेगळा आणि वर डांगरी. खेळांच्या जगातला सगळ्यात ओळखीचा चेहरा असा काटकसरीत बनला.

मला आज सांगायचंय ते हेच. आपण समजतो की यंत्र सुधारत गेलं, म्हणून खेळ सुधारत गेले. पण खेळातल्या पुष्कळ चांगल्या गोष्टी यंत्राला जे जमत नव्हतं, त्यातून आल्या आहेत.

१९७२चा 'पाँग' हा चेंडू-फळीचा खेळ घ्या. त्यात कॉम्प्युटर नव्हताच, नुसती सर्किटं. एका त्रुटीमुळे त्यातली फळी पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत जाईना. बनवणाऱ्या अॅलन अल्कॉर्नने ती त्रुटी तशीच ठेवली. ती दुरुस्त केली असती, तर दोन तरबेज खेळाडू एका नाण्यावर रात्रभर खेळत बसले असते.

त्याहून भारी गोष्ट आहे १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'ची. तायतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादोने त्याचं सर्किटही बनवलं आणि प्रोग्रॅमही लिहिला. पडद्यावर ५५ परग्रहवासी, ११ चे ५ थर. एवढ्यांना हलवता हलवता बिचारा प्रोसेसर मेटाकुटीला यायचा, म्हणून फौज रेंगाळत सरकायची. तुम्ही एकेकाला टिपलंत की प्रोसेसरचं काम हलकं व्हायचं आणि उरलेले भराभर पळायला लागायचे. शेवटचा एकटा तर नुसता सैरावैरा! निशिकादोला हा वेग दिसला आणि त्याने तो काढला नाही. पार्श्वभूमीला चार सुरांचा ठोका होता, तोही त्याच गतीने वाढत नेला. जसजसे जिंकत जाल तसतशी छाती धडधडायला लागेल, हा हिशेब तिथून पुढच्या पुष्कळ खेळांनी उचलला.

आता पुन्हा मारिओकडे. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. सकाळी सहा वाजता तुम्हाला फोनवर 'शुभ प्रभात' म्हणून जो गुलाब येतो ना, तो बहुधा याहून जड असतो. (हशा) जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकच चित्र आहे. फक्त रंग वेगळा. मी ते हजारदा पाहिलं होतं आणि मला कधीही कळलं नाही.

पण माझा जीव आहे तो त्यातल्या पहिल्या काही सेकंदांवर. खेळ सुरू होतो तेव्हा मारिओ डाव्या कडेला, तोंड उजवीकडे. मागे जाता येत नाही, पुढे मैदान मोकळं. म्हणजे कुठे जायचं ते न सांगता समजलं. समोरून एक रागीट टोणपा चालत येतो. त्याला धडकलात की मेलात, म्हणजे उडी मारायला शिकलात. मग डोक्यावर लुकलुकणारा चौकोन. त्याला टक्कर दिली की अळंबी निघते आणि उजवीकडे पळते. ती दिसते थोडीफार त्या टोणप्यासारखीच, म्हणून नवशिका घाबरतो. ती पुढच्या पाइपला आपटून उलटी आपल्याच अंगावर येते. चुकवायला उडी मारावी, तर वर विटा! डोकं आपटून आपण नेमके तिच्यावरच पडतो. मरायच्या ऐवजी मारिओ दुप्पट होतो. मियामोतोने हे मुद्दाम रचलं होतं. सूचनेचं एकही वाक्य नाही. मी तीस वर्षं वर्गात शिकवतो आहे, असा एक तास मला अजून घेता आलेला नाही.

त्रिमितीचं जग आल्यावर अडचणी बदलल्या. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मध्ये प्लेस्टेशनला दूरची घरं काढायला झेपेना, म्हणून गावावर दाट धुकं पसरलं. भीती त्या धुक्यातच दडून बसली.

आज खिशातल्या फोनला असली अडचण उरलेली नाही. मग काय झालं? २०१२ चा 'कँडी क्रश' पाहा. पाच जीव मिळतात. संपले की एकेक परत मिळायला ३० मिनिटं थांबायचं, नाहीतर पैसे मोजायचे. ही तूट यंत्राची नाही, मुद्दाम पाडलेली आहे, आणि मला ती मुळीच आवडत नाही. 'पाँग'ही नाण्यावरच चालायचा, हे कबूल. पण तिथे हरलात तर निदान तुमच्या चुकीने हरत होता.

जाता जाता घरची गोष्ट. याच पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या कंपनीने 'राजी' नावाचा खेळ बनवला. लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायचा त्यांचा प्रयत्न २०१७ साली फसला होता, तरी २०२० मध्ये खेळ बाहेर आला. भावाला शोधत निघालेली एक मुलगी; आणि तिची कथा सांगतात सावल्यांच्या बाहुल्या. सभागृहातल्या किती जणांनी तो खेळला आहे, जरा हात वर करा पाहू.

सहा. आणि सहाही मागच्या रांगेत.