मिनिटाला साठ शब्द



संमेलनाच्या अध्यक्षाने भाषेवर बोलावे असा रिवाज आहे. मी तो पाळणार आहे. फक्त माझा विषय चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या जिल्हा परिषद शाळेचा पहिली ते तिसरीचा वर्ग हा आहे, कारण या भागात भाषेचा पहिला पराभव तिथेच होतो. 5 जुलै 2021 रोजी केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत, असे उद्दिष्ट ठरले आणि त्यासाठी 2026-27 ची मुदत पडली. मुलाला वाचता आले पाहिजे, याबद्दल या सभागृहात दुमत असणार नाही. माझे भांडण एवढ्यावरच आहे की हे साठ शब्द कोणत्या भाषेतले? भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातल्या माडिया मुलाच्या घरी पाण्याला ‘येर’ म्हणतात. गोंडी आणि माडिया या द्राविडी कुळातल्या बोली आहेत, त्यांचे नाते तेलुगू-कन्नडशी आहे. मराठीची एखादी पोटबोली बोलणारे मूल शाळेत येऊन प्रमाण मराठीकडे सरकते, तशी ही वाट नाही. या मुलाला पहिलीच्या पहिल्या दिवशी एक संपूर्ण परकी भाषा भेटते. अक्षरओळख, बेरीज आणि बाईंची सूचना, तिन्ही गोष्टी त्याने एकाच वेळी तिच्यातून समजून घ्यायच्या असतात.

आणि मग चाचणी येते. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले, त्याबरोबर पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पातून नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे शिक्षकांच्या तोंडची ‘पॅट’, आली. तिच्या एका पेपरावर ‘प्रथम भाषा’ असे छापलेले असते. माडिया मुलापुढे तो पेपर मराठीत येतो. राज्य दहा माध्यमांत पाठ्यपुस्तके काढते, त्यात सिंधी आहे, तमिळ आहे, तेलुगू आहे. या सर्व भाषकांचा तो हक्कच आहे आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात कसलीही असूया नाही. पण 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे तीस लाख लोकांनी जी आपली मातृभाषा म्हणून नोंदवली, आणि जिच्या भाषकांच्या नावाने हा सगळा मुलूख शतकानुशतके गोंडवाना म्हणून ओळखला गेला, ती गोंडी त्या यादीत नाही. ज्या मुलाने आपली प्रथम भाषा कधी छापील पाहिलीच नाही, त्याला ‘प्रथम भाषेत अप्रगत’ ठरवणाऱ्या पेपराने नेमके काय मोजले? घर आणि शाळा यांच्या भाषांतले अंतर मोजले. त्या अंतराला मुलाचे अज्ञान म्हटले गेले आणि ते अज्ञान शिक्षकाच्या खात्यावर टाकले गेले. माझा आजचा सगळा आक्षेप या दोन उड्यांवर आहे.

मापून शिकवण्याचा आणि मापावर पैसे देण्याचा हा विचार नवा नाही. 1862 मध्ये इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतल्या निकालाशी बांधले. निरीक्षक वर्षातून एकदा येई, म्हणून मुलांकडून वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करून घेतले जाऊ लागले. शाळा-निरीक्षक म्हणून काम करणारे कवी मॅथ्यू अरनॉल्ड यांनी त्याला उघड विरोध केला, आणि शतक संपण्यापूर्वी इंग्लंडने ती पद्धत सोडून दिली. आपल्या मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदानाची पद्धत आली होती. 1882 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. निकालावर अनुदान देण्याची रीत गरीब आणि अशिक्षित समाजात शिक्षण पसरवायला उपयोगाची नाही, असे त्यांनी त्यात साफ सांगितले. त्यांचे कारण आजही जसेच्या तसे लागू पडते: जिथे शिक्षणाची गोडी अजून लागायची आहे, तिथे निकालावर पोट भरायची वेळ आली तर शिक्षक फिरकणारच नाही. खेड्यातल्या शाळेचा अभ्यासक्रम शहरातल्यापेक्षा वेगळा असावा आणि शिक्षक त्या लोकांत मिसळणारा असावा, असाही त्यांचा आग्रह होता. भाषणात फुल्यांचे नाव घ्यायचे आणि परिपत्रकात रॉबर्ट लो यांचे चालवायचे, हे एकाच विभागाने एकाच वेळी करू नये.

अमेरिकेने हाच प्रयोग आपल्या काळात केला. 2002 साली अमलात आलेल्या कायद्याने 2014 पर्यंत प्रत्येक मूल वाचन आणि गणितात प्रवीण झालेच पाहिजे असे बंधन घातले, आणि न जमणाऱ्या शाळांवर कारवाई ठेवली. अटलांटा शहरात शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी मुलांची उत्तरे खोडून दुरुस्त केल्याचे उघड झाले आणि 2015 मध्ये त्यातले अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. त्याच वर्षी तो कायदाही बदलावा लागला. ती सगळी माणसे मुळात लबाड होती, असे मी मानत नाही. आकडा हीच नोकरी झाली की आकडा तयार होतो. आपल्याकडे केंद्रप्रमुखाला वरून विचारणा होते, तो मुख्याध्यापकाला विचारतो, आणि साखळीच्या टोकाला रेंज शोधत टेकाडावर उभा असलेला द्विशिक्षकी शाळेतला गुरुजी उरतो. ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ या पोर्टलांवरची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, चाचणीचे गुण, उपक्रमाचे फोटो. दोघांतला एक या कामात अडकला की पाच इयत्ता एकट्यावर पडतात. गुणवत्ता तपासण्याच्या नावाखाली शिकवण्याचा वेळच खाल्ला जातो, आणि त्या खाल्लेल्या वेळेची नोंद कोणत्याही पोर्टलवर होत नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला असा की, मोजलेच नाही तर कळणार कसे? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ पाहणी 2005 पासून गावोगावी होते. पाचवीतल्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, हे तिने दाखवले नसते तर पुष्कळ जण अजून पटसंख्येवरच समाधानी राहिले असते. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’मुळेही अनेक शाळांत ज्ञानरचनावादी साहित्य आले, वर्ग बोलके झाले, हे मी नाकारत नाही. पण ‘असर’ नमुना घेऊन मोजते, कोणत्याही शिक्षकाचे नाव लावत नाही आणि म्हणून तिथे खोटे बोलण्याचे कारण उरत नाही. निदानासाठी घेतलेले रक्त आणि दंड म्हणून काढलेले रक्त यांत फरक असतो. दुसरा आक्षेप शिक्षकांवर आहे: काही जण शाळेतच येत नाहीत. येत नाहीत, हे खरे आहे, आणि त्यांच्यावर कारवाई व्हावी. ती हजेरीवरून होते, त्यासाठी माडिया मुलाच्या मराठीची परीक्षा लागत नाही. ज्या प्रशासनाने वर्षानुवर्षे गडचिरोलीची बदली ही शिक्षा म्हणून वापरली, त्याने मात्र इथल्या शिक्षकाच्या निष्ठेवर बोलण्याआधी थांबावे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तो आपल्याच आईबापांचा आहे: आमच्या पोरांना गोंडीतच ठेवता का? त्यांना मराठी हवी, इंग्रजी हवी, नोकरी हवी. अगदी हवी. पण परकी भाषा पायरीने येते, आणि पहिली पायरी घरच्या भाषेची असते. मूल एकदाच वाचायला शिकते. ते समजणाऱ्या भाषेत शिकले तर ते कौशल्य दुसऱ्या भाषेत सोबत जाते. न समजणाऱ्या भाषेत शिकले तर तोंडातून साठ शब्द निघतात आणि अर्थ एकाचाही लागत नाही. 2020 चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असेच सांगते.

हे ज्यांनी करून दाखवले, त्यांचे काय झाले ते या व्यासपीठावरून बोललेच पाहिजे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडीतून शिकवणारे गोटुल, म्हणजे गावाची आपली शाळा, सुरू केले. 2022 मध्ये शिक्षण विभागाने ते अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस काढली आणि शिक्षण हक्क कायद्याखाली दंडाचा बडगा दाखवला. ग्रामसभेला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठावावे लागले. मान्यता नसलेल्या शाळेला एक लाखापर्यंत आणि नंतर दररोज दहा हजारांपर्यंत दंड, असे त्या कायद्याचे कलम 18 सांगते. त्याच कायद्याचे कलम 29 म्हणते की शिकवणे शक्य तितके मुलाच्या मातृभाषेत असावे. त्याची अनुसूची म्हणते की साठपर्यंत पट असला तरी दोन शिक्षक हवेत. कलम 27 म्हणते की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. संविधानाचे कलम 350 क भाषिक अल्पसंख्याक मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करायला राज्याला सांगते. ही सगळीच मानके आहेत. यातले एकच मानक गावावर चालवले गेले. बाकीची सरकारवर चालवायला कोणताही निरीक्षक येत नाही. उलट 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करण्याचा निर्णय राज्याने जाहीर केला. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटते, आणि ब्रह्मपुरी परिसरात वाघाच्या वावरामुळे माणसे एकट्याने रानात जात नाहीत. अशा भागात शाळा दुसऱ्या गावी नेणे म्हणजे त्या पाड्यावरच्या मुलींची शाळा संपवणे होय.

म्हणून या संमेलनापुढे मी ठराव ठेवतो. मोहगावच्या गोटुलाला अनधिकृत न म्हणता अनुसूचित क्षेत्रातील शैक्षणिक प्रयोग म्हणून मान्यता द्यावी. गोंडी आणि माडिया मुलांची पहिली ते तिसरीची तपासणी त्यांच्या भाषेत, त्यांची भाषा जाणणाऱ्या शिक्षकाकडून, तोंडी व्हावी, आणि गोंडी बोलणाऱ्या स्थानिक तरुणांची त्यासाठी कायम पदांवर भरती व्हावी. शाळेच्या भिंतीवर चाचणीचा निकाल लागतो, त्याच फलकावर मंजूर पदे किती, भरलेली किती, गेल्या महिन्यात शिक्षकाचे किती दिवस अशैक्षणिक कामात गेले आणि मुलाच्या भाषेतली पुस्तके किती आली, हेही लिहिले जावे. त्याखाली मुख्याध्यापकाबरोबर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनीही सही करावी.