स्टँडअपमधला तो जोक

आजचा एपिसोड छोटाच आहे, आणि गोष्ट माझीच आहे. त्यात हिरो मी नाहीये, हे आधीच सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये एक फ्रेशर आला. कोड मस्त लिहायचा, पण इंग्लिश बोलताना अडखळायचा. एका सकाळी स्टँडअपमध्ये तो बोलता बोलता मध्येच थांबला. शब्द सापडेना. मी पटकन म्हणालो, "अरे, बफरिंग होतंय का? वायफाय बदल!"

सगळे हसले. तोही हसला. आणि त्या दिवसापासून त्याचं नावच पडलं, 'बफर'.

मला वाटलं, वातावरण हलकं केलं. पण हळूहळू त्याचं अपडेट दोन वाक्यांवर आलं. 'नो अपडेट, नो ब्लॉकर.' संपलं. माझ्या लक्षातही आलं नाही.

मग एका रिलीजच्या रात्री घोळ झाला. पेमेंट रिट्राय झालं की काही लोकांचे पैसे दोनदा कट होत होते. पहाटे तीनपर्यंत निस्तरत बसलो. दुसऱ्या दिवशी कळलं, टेस्टिंग करताना त्याला हे दिसलं होतं. मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "दादा, कॉलवर सगळे होते. मी बोलायला लागलो की लोक आधी हसतात."

मला काय बोलावं तेच सुचेना.

आता म्हणाल, मग ऑफिसात जोक करायचेच नाहीत का? तसं नाही हो. आमचं क्षेत्रच विनोदावर चालतं. १ एप्रिल १९९८ ला इंटरनेटवरून कॉफीचं भांडं चालवायचा एक प्रोटोकॉल आला होता, चक्क अधिकृत कागदपत्रांच्या थाटात. त्यात ४१८ नंबरचा एरर आहे. चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितलं, की ती म्हणते, 'मी किटली आहे!' २०१७ मध्ये हा एरर काही सॉफ्टवेअरमधून काढायची सूचना आली, तेव्हा डेव्हलपर मंडळींनी विरोध करून तो वाचवला. का? कारण त्यात हसं होतं ते किटलीचं. कुणा माणसाचं नाही.

याउलट २०१६ चा एक एप्रिल बघा. जीमेलने सेंड बटणाशेजारी गंमत म्हणून एक बटण दिलं. ते दाबलं की मेलसोबत माइक खाली टाकणाऱ्या मिनियनची जिफ जायची, आणि पुढची उत्तरं तुम्हाला दिसायचीच नाहीत. लोकांनी कामाच्या गंभीर मेलवर चुकून ते दाबलं. गूगलला त्याच दिवशी ते काढून माफी मागावी लागली. जोक वाईट नव्हता, पण ज्यांच्या अंगावर आला त्यांनी तो मागितला नव्हता.

आणखी एक. सिनियरच्या जोकवर हसणं हे ज्युनियरच्या कामातच धरलेलं असतं. म्हणून 'तोही हसला' हा पुरावा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदासुद्धा अश्लील शेरेबाजीबद्दल हेच बघतो, की समोरच्याला ते नकोसं होतं का. 'मी गंमत केली' म्हणून सुटका नाही. बाकीच्या जोकना कायदा नसेल, पण कसोटी तीच लावा ना.

मी त्याला आधी एकट्याला सॉरी म्हटलं. पण नाव सगळ्यांसमोर ठेवलं होतं, म्हणून स्टँडअपमध्येही सांगितलं, "ते नाव माझ्यामुळे पडलं. आजपासून बंद." दहा सेकंद कुणीच काही बोललं नाही. फार अवघड वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं.

आता तो बोलतो. परवा माझ्या कमिट मेसेजची यथेच्छ खेचली त्याने, सगळे हसलो. पण मोठ्या कॉलवर काही सांगायचं असेल, तर अजूनही आधी मला मेसेज करतो, 'दादा, हे बरोबर आहे ना?' मग अनम्यूट करतो.

तर मंडळी, तुमच्या टीममध्ये असं नाव पडलेलं कुणी आहे का? ते नाव कुणी ठेवलं, जरा आठवून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!