टाके, टाकी आणि टँकर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला प्रत्येकीने चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठा विषय घेणे मला झेपणारे नाही. मी आज एकाच शब्दावर बोलणार आहे, आणि तोही इंग्रजी. तो शब्द म्हणजे 'टँक'. इंग्रजी म्हटल्यावर कोणी बिचकू नये. हा शब्द बोलता बोलता आपल्याच अंगणात येऊन उभा राहतो, ते आता बघालच.

आधी त्याचे अर्थ पाहू. पाणी साठवण्याचे मोठे भांडे ते टँक. मोटारीत पेट्रोल भरतात तोही टँक. इंग्रज आपल्या देशात आले तेव्हा त्यांनी आपल्या तलावांनाही टँकच म्हटले. हैदराबादच्या हुसेनसागराच्या बांधावरचा रस्ता म्हणूनच आजही 'टँक बंड' या नावाने ओळखला जातो. आणि लढाईत तोफ डागत चालतो, तो लोखंडी गाडाही टँकच!

आता पाण्याच्या भांड्याचे नाव लढाईच्या गाड्याला कसे मिळाले? त्याची गोष्ट मजेची आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हा गाडा गुपचूप तयार केला. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून कारखान्यात असे पसरवले, की या पाणी वाहून नेण्याच्या टाक्या आहेत. गुपित राखण्यापुरते घेतलेले ते नाव कायमचे चिकटले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत हे गाडे पहिल्यांदा रणात उतरले. मराठीने मात्र त्याला 'रणगाडा' असा स्वतःचा शब्द दिला. आपल्या शेजारच्या अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, या रणगाड्यांचे संग्रहालयच आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे.

आता या शब्दाचे मूळ कोठले? युल आणि बर्नेल या दोघा ब्रिटिश पंडितांनी हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश केला. तो १८८६ साली छापला गेला. त्यात 'टँक' शब्दाचा विचार आहे. एक मत असे, की गुजराती-मराठीतील 'टांकें' हाच शब्द परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडी बसून पुढे गेला. दुसरे मत असे, की पोर्तुगीजांचा 'तांक' हा शब्द मुळात त्यांचाच, वाहते पाणी अडवणे या अर्थाच्या धातूपासून झालेला. दोन्ही शब्द आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भेटले आणि एकमेकांत मिसळले, असेही म्हणता येते. पंडितांचा वाद पंडितांनी मिटवावा. आपल्यापुरते इतके खरे, की मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी कोशात 'टांकें' आहे आणि त्याचा अर्थ पावसाच्या पाण्याचा साठा असा दिला आहे.

आणि भगिनींनो, टाके पाहायला आपल्याला कोश कशाला हवा? आपले जुन्नर म्हणजे टाक्यांचे माहेरघर. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत. ज्या गडावर १६३० साली शिवबा जन्मले, त्या गडाची तहान अशा टाक्यांनी भागवली. नाणेघाटात नागनिका राणीच्या लेखाची लेणी आहे, तेथेही वाटसरूंसाठी कातळात टाकी खोदलेली आहेत. जुन्या लेखांत टाक्याला 'पोढी' म्हणत. मानमोडीच्या लेण्यात नहपान राजाचा अमात्य आयम याचा लेख आहे. त्याने पुण्यासाठी पोढी आणि मंडप दान केला, असे त्यात कोरले आहे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी मोठा अधिकारी पाण्याचे टाके दान देतो आणि ते दगडावर लिहून ठेवतो, यावरून पाण्याची किंमत काय होती ते समजावे.

टाके खोदण्यात शहाणपणही किती! आपला काळा कातळ घट्ट; भेग नसेल तेथे पाणी सहसा झिरपत नाही. पुष्कळ टाक्यांचे तोंड लहान ठेवून आतून पोट मोठे कोरलेले असते. त्यामुळे ऊन कमी लागते, पाणी कमी उडून जाते आणि वैशाखातही गार राहते. चर खणून पावसाचे पाणी टाक्याकडे वळवावयाचे, एवढीच त्याची यंत्रसामग्री.

या शब्दाचे सोयरेधायरेही आपल्या घरात भरलेले वाटतात. पाथरवटाच्या छिन्नीला आपण टाकी म्हणतो. पाट्याला आणि जात्याला टाकी लावून घेतल्याशिवाय वाटण-दळण नीट होत नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. देवघरात कुलदैवताचे ठसे उठवलेले चांदीचे टाक असतात. नाणी पाडतात ती टाकसाळ. संस्कृतात 'टंक' म्हणजे छिन्नी आणि छापाचे नाणेही. आता गॅसचे सिलिंडरही आपण 'टाकी' म्हणूनच बदलून घेतो!

येथवर गंमत झाली. आता मनातले बोलते. 'टँक'ला शेपटी जोडून इंग्रजीत 'टँकर' झाला, आणि हा टँकर मात्र आपल्या बायकांच्या नशिबी आला.

माझे माहेर आणे पठारावरचे. फाल्गुन सरला की विहिरीचा तळ दिसे. मग टँकरची वाट पाहणे. तो कधी सकाळी येई, कधी दुपारी, कधी येतच नसे. विहिरीत पाणी ओतले, की साऱ्या वाडीच्या बायका दोर-बादल्या घेऊन काठावर. एका पोरीने हंड्यांची रांग धरायचीच. आमच्या घरात ती पोर मी. माझी शाळा सातवीला सुटली, त्याला हा हंडाही एक कारण आहे.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे आपल्याच दोन तालुक्यांत आहेत. डिंभ्याच्या पाण्याखाली तर जुने आंबेगाव गेले. ते पाणी कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. जावो, तेही आपलेच भाऊ. पण कालवा उताराने वाहतो, पठारावर चढत नाही. म्हणून आणे पठार काय, सातगाव पठार काय, धरणांच्या जवळ राहूनही उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावतात.

टँकर बंद करा, असे मी म्हणत नाही. तहानलेल्याला पाणी कोणीही देवो. माझे म्हणणे इतकेच, की टँकर दुसऱ्याच्या मर्जीवर येतो, आणि टाके आपल्या दाराशी असते. आज आपल्या वाड्यावस्त्यांवरची कितीतरी जुनी टाकी गाळाने भरली आहेत. कोठे त्यांत गुरे उतरतात, कोठे पिशव्या-बाटल्या तरंगतात.

म्हणून या वर्षी मंडळाने एक काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. गडावरच्या आणि लेण्यांतल्या टाक्यांना पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून हात लावू नये. ती जपणे त्यांचे काम. पण गावातले एक टाके ग्रामपंचायतीला विचारून आपण घ्यावे. मृगापूर्वी गाळ काढावा, पाणी येण्याची चर मोकळी करावी, भोवती काट्याचे कुंपण घालावे. ते पाणी प्यायचे तर उकळूनच; नाहीतर गुरांना, भांड्यांना, परसातल्या भाजीला तर होईलच. तेवढेच हंडे आपल्या लेकींच्या डोक्यावरून उतरतील, आणि एखादी आठवीत जाईल.

इंग्रजांनी आपला शब्द नेला की नाही, हे ठरायचे तेव्हा ठरो. शब्दाबरोबर टाकेही हातचे जाऊ नये, एवढे आपण पाहावे. गाळ काढण्याच्या दिवशी पहिले घमेले मी उचलीन. 

जय हिंद!