कायदा, दाखला आणि शिक्षक



विधिमंडळात कोणते कायदे झाले हे आमदाराने मतदारांना येऊन सांगावे, ही लोकशाहीची रीत होय. परंतु तो कायदा गावाच्या कामी कसा यावा, हा खरा प्रश्न आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे औसा तालुक्यातील किल्लारी भूकंपाने जमीनदोस्त झाली. माणसे गेली, घरांबरोबर घरांतील कागदपत्रेही ढिगाऱ्याखाली गेली. दाखल्याचे मोल अशा गावास निराळे सांगावयास नको.

2015 साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. अर्जाची पोच मिळालीच पाहिजे. मुदत टळल्यास अथवा अर्ज फेटाळल्यास 30 दिवसांत पहिले अपील करता येते. सबळ कारणावाचून हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो.

परंतु पोच मागून घ्यावी, हे निरक्षर मातेस कोण सांगणार? आमदार सभेपुरता येतो. शिक्षक गावास रोज भेटतो. त्याने पालकसभेत हे नियम समजावून द्यावेत आणि शाळेच्या नोंदवहीत मुलाचे नाव व जन्मतारीख अचूक लिहावी. पुढील कित्येक दाखले त्या एका ओळीच्या आधारावर मिळावयाचे असतात.