‘नहर’ : एका शब्दाचा प्रवास
(प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तरेस हर्सूल आहे. तेथे खाम नदीवर तलाव आहे, आणि त्याच परिसरातून पूर्वी शहराकडे पाणी नेणारी नहर निघत असे. अशा गावच्या शाळेतील एखाद्या मुलाने निबंधात ‘आमच्या वाटेवर जुनी नहर लागते’ असे लिहिले, तर शिक्षकाने काय करावे? ‘नहर’ हा शब्द खोडून त्यावर तांबड्या शाईने ‘कालवा’ लिहावे, असे पुष्कळांच्या मनात येईल. एक शब्द परका व दुसरा आपला, ही समजूत त्यामागे असते. ती कितपत खरी आहे, हे तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

‘नहर’ या शब्दाचे घराणे पश्चिम आशियातील. अरबी भाषेत ‘नह्र’ म्हणजे नदी. हिब्रू भाषेत ‘नाहार’ म्हणजेही नदीच. हजारो वर्षांपूर्वी बाबिलोन देशात चालणाऱ्या अक्कादी भाषेत नदीला ‘नारू’ म्हणत. या तिन्ही भाषा एकाच कुळातील बहिणी असल्यामुळे हे साम्य आले आहे. हिब्रू बायबलात ‘अराम-नहराइम’ असे एका प्रदेशाचे नाव येते. त्याचा अर्थ ‘दोन नद्यांचे अराम’. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘मेसोपोटेमिया’ हा शब्द योजला. इतिहासाच्या पुस्तकातील हे अवघड नाव मुलांना अशा रीतीने उलगडून सांगता येते.

अरबीतून हा शब्द फारसीत आला. तेथे नदीसाठी ‘रूद’ हा शब्द पूर्वीपासून होताच. त्यामुळे ‘नहर’ हा शब्द ओढा, पाट, खोदून काढलेला प्रवाह यांजकडे वळला. तुर्की भाषेत मात्र ‘नेहिर’ म्हणजे आजही नदी. हिंदुस्थानात फारसीच्या द्वारे आलेल्या या शब्दाला कालव्याचाच अर्थ राहिला. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे की, त्यांचे पूर्वज राज कौल सुमारे १७१६ साली काश्मिरातून दिल्लीस आले. त्यांचे घर नहरेच्या काठी होते, म्हणून कौल घराण्यास ‘नेहरू’ हे नाव लागले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. मूळचा हबशी असलेल्या मलिक अंबर याने १६१० साली खडकी येथे नगर वसविले. औरंगाबाद हे नाव त्यास पुढे मिळाले. नव्या नगरास पाणी हवे, म्हणून त्याने हर्सूलच्या बाजूने ‘नहर-ए-अंबरी’ आणविली. ही नहर जमिनीखालून जाते. डोंगरपायथ्याशी मुरलेले पाणी गोळा करावयाचे आणि बांधीव बंदिस्त मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, गावातील हौदांपर्यंत पोहोचवावयाचे, अशी तिची रचना. पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीसाठीही दूरच्या डोंगराकडून मातीच्या नळांनी पाणी आणले गेले. या जिल्ह्यात ‘नहर’ म्हणजे असा झाकलेला जलमार्ग. वाहत्या नदीचे नाव अखेर भूमिगत पाण्यास मिळाले!

आणि ‘कालवा’? हा तरी निव्वळ आपला काय? कन्नडमध्ये ‘कालुवे’, तेलुगूत ‘कालुव’, तमिळमध्ये ‘काल्वाय्’, अशी या शब्दाची भावंडे दक्षिणेत नांदतात. म्हणजे एक पाहुणा पश्चिमेकडून आला, दुसऱ्याचे सोयरे दक्षिणेस. दोघेही मराठीच्या घरात रुळले. मात्र त्यांची कामे निराळी आहेत. पैठणच्या जायकवाडी धरणातून निघून उघड्या आभाळाखाली शेते भिजवितो, तो कालवा. शेतकरी कुदळीने वळवितो, तो पाट. जमिनीखालून हौदापर्यंत पिण्याचे पाणी आणते, ती नहर. मुलाच्या वहीतील ‘नहर’ खोडली, तर शब्दाबरोबर त्या वस्तूची ओळखही पुसली जाते. नहरांचा पुष्कळ भाग आज फुटला आहे, बुजला आहे. जे नावानिशी ओळखता येत नाही, ते जपावे असे कोणास वाटणार?

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. केवळ ध्वनी जुळला म्हणून नाते जोडू नये. ‘न्हाणे’ या शब्दाचा पाण्याशी संबंध असला, तरी तो संस्कृत ‘स्ना’ धातूपासून आला आहे; ‘नहर’शी त्याचे नाते नाही. ध्वनी, अर्थ आणि इतिहास या तिन्हींची साक्ष जुळावी लागते.

वर्गात करण्याजोगे काम सोपे आहे. मुलांना घरी पाठवून आजीआजोबांकडून पाण्याचे शब्द विचारून आणावयास सांगावे : बारव, आड, मोट, थारोळे, हौद, पाट, नहर. प्रत्येक शब्दापुढे ती वस्तू कोठे आहे, कशी चालत असे, हे मुलांनी स्वतःच्या वाक्यांत लिहावे. शक्य असेल तेथे ती वस्तू जाऊन पाहावी. भाषा, इतिहास व परिसर यांचे धडे त्यात आपोआप होतील; शिवाय, आपल्या घरची बोली शाळेत चालते, हा विश्वास मुलाच्या मनात निर्माण होईल.

म्हणून हर्सूलच्या मुलाने ‘नहर’ लिहिली, तर तांबडी शाई बाजूस ठेवावी आणि त्यास एवढेच विचारावे : “ती कोठून येते रे, बाळ?”