भिंतींतला वास

आपल्याकडील भिंत विटांची किंवा दगडाची, भरीव. कॅनडांतील घराची भिंत पुष्कळदां पोकळ असते. लांकडी खांबांचा सांगाडा, त्याला आंतून-बाहेरून फळ्या, आणि मधल्या पोकळींत थंडी अडविण्याकरितां कोंबलेलें भरण. जुन्या घरांत तें लांकडाच्या भुशाचें, रद्दी कागदाचें किंवा काचतंतूंच्या लोकरीचें सांपडतें. असें घर घेऊन दुरुस्ती काढणाऱ्या गृहस्थानें आंतली फळी उचकटली कीं जी दुर्गंधि सुटते, ती बहुधा ओलीची किंवा उंदरांची असते.

ही ओल नेहमीं पावसाचीच असते असें नाहीं. हिवाळ्यांत स्वयंपाकघरांतली, न्हाणीघरांतली दमट ऊबदार हवा फटींतून भिंतींत शिरते, बाहेरच्या गार फळीला टेकतांच तिचें पाणी होतें, आणि तें भरणांत मुरून बुरशी धरते. तेव्हां नुसतें जुनें काढून नवें भरलें, तर कांहीं हिवाळ्यांनीं तोच वास परत! आधीं भिंत पुरती वाळवावी, फटी बुजवाव्या आणि उबेच्या बाजूनें प्लास्टिकचा पातळ पडदा सलग लावावा.

उंदीर हा तेथला भाडें न देणारा जुना बिऱ्हाडकरू. त्याची घाण कोरडी झाडूं नये. कांहीं जातींच्या उंदरांपासून हंटा नांवाचा घातक विषाणु धुळीवाटे श्वासांत जातो. जंतुनाशक पाणी शिंपडून, घाण पुरती भिजल्यावरच ती उचलावी.

पण वासाला कंटाळलेला माणूस घाई करतो, आणि खरें भय बिनवासाच्या भरणाचें आहे. अमेरिकेंतील मोंटाना राज्यांत लिबी या गांवीं व्हर्मिक्युलाइट नांवाच्या, अभ्रकासारख्या खनिजाची खाण होती. ती १९९० सालीं बंद झाली. त्याचे हलके, करडे-सोनेरी, भात्यासारख्या घड्यांचे दाणे दोन्ही देशांतील घरांच्या माळ्यांवर व भिंतींत ओतले गेले. त्या खाणीच्या मालांत ॲस्बेस्टॉसचे तंतु मिसळलेले होते. ते फुप्फुसांत रुतले कीं कर्करोग कित्येक दशकांनींहि उद्भवतो. लिबींतील रोग्यांची संख्या इतकी वाढली कीं २००९ सालीं अमेरिकन सरकारला तेथें सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली.

फळीमागून असे दाणे घरंगळले, तर त्यांत ॲस्बेस्टॉस आहे असें धरूनच हात थांबवावा. झाडूं नये, पिशवींत भरूं नये. या कामांतले जाणकार बोलवावे. ते येईपर्यंत वास सोसावा, खोलीचें दार लावून ठेवावें, आणि मुलांना तिकडे फिरकूं देऊं नये.